जन्मापासूनचा खोकला आणि उजवीकडचे हृदय

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस असल्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जवळच्या खेड्यातील एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मुलगी माझ्या ओळखीची होती. दोन वर्षे मीच तिला बालदम्याचे औषध देत होतो. पावसाळ्यात खोकला, हिवाळ्यात खोकला आणि उन्हाळ्यातही खोकला. नाक कायम वाहते, कानही मधूनमधून फुटतो. औषधाने आठ दिवस बरे वाटायचे, की पुन्हा तेच. त्या दिवशी ताप जास्त होता म्हणून छातीचा एक्स-रे काढून आणायला सांगितले.

फिल्म दिव्यावर लावली, तर हृदयाची सावली उजवीकडे. घाईत आपण फिल्म उलटी लावली असे समजून मी ती पालटून लावली. तेव्हा कोपऱ्यातील खुणेचे अक्षर उलटे दिसू लागले. म्हणजे फिल्म आधी लावली होती तीच बरोबर होती. मुलीच्या छातीला उजव्या बाजूने स्टेथॉस्कोप लावला आणि ठोके तिथेच स्पष्ट ऐकू आले. दोन वर्षे मी तिची फुप्फुसे ऐकत होतो, पण हृदय कोणत्या बाजूला आहे हे एकदाही पाहिले नव्हते.

"आजी, ही जन्मली तेव्हा काही त्रास झाला होता का?" मी विचारले.

"झाला होता की डॉक्टरसाहेब. दिवस पुरे भरले होते, वजनही चांगलं होतं. पण दुसऱ्या दिवशी धाप लागली. पाच दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. तवापासनं हिचं नाक कोरडं म्हणून कधी बघितलं नाही."

हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता. जन्मानंतरची धाप, न थांबणारा ओला खोकला, वाहते नाक, फुटणारा कान आणि उजवीकडचे हृदय, या सगळ्यांचे मूळ एकच होते. ते मूळ म्हणजे शरीरातील अतिसूक्ष्म केस आणि ते केस घडविणारी जनुके. आजच्या लेखात त्यांचीच ओळख करून घेऊ.

सूक्ष्म केसांचे काम

नाकापासून फुप्फुसांतील बारीक नळ्यांपर्यंत आतून एक ओलसर अस्तर असते. या अस्तराच्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. इंग्रजीतील सिलिया या नावाचा मूळ अर्थही पापणीचे केस असाच आहे. या लेखापुरते आपण त्यांना रोमक हे सोपे नाव देऊ.

श्वासनलिकेच्या अशा एका पेशीवर सुमारे २०० रोमक असतात. एका रोमकाची लांबी मिलिमीटरच्या साधारण दीडशेव्या भागाइतकी भरते. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि तेही शिस्तीने, एकामागून एक. वाऱ्याची झुळूक आली की ज्वारीच्या उभ्या पिकावरून जशी लाट सरकत जाते, तशीच ही हालचाल असते. रोमकांच्या टोकांवर चिकट कफाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ, धूर आणि जंतू त्यात अडकतात. रोमक हा थर सतत घशाकडे सरकवत असतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. ही झाडलोट रात्रंदिवस चालू असते, म्हणून निरोगी माणसाची फुप्फुसे स्वच्छ राहतात.

गेल्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रोमकाची आतली रचना दिसू लागली. कडेने सूक्ष्म नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन नळ्या अशी ती रचना आहे. कडेच्या जोड्यांना डायनिन नावाच्या प्रथिनाचे छोटे हात असतात. हे हात शेजारच्या जोडीला धरून ओढतात आणि रोमक वाकतो. हात नसतील तर रोमक जागेवर असूनही हलत नाही. पुरुषाच्या शुक्रजंतूच्या शेपटीची रचनाही अशीच असते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

रोमक तयार कसे होतात?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात, परंतु ती सगळी एकाच वेळी चालू नसतात. कोणत्या पेशीत कोणते जनुक केव्हा चालू करायचे, हे ठरविणारी काही मुख्य जनुके असतात. घरबांधणीच्या कामावर जसे मुकादम असतात, तशी ही मुकादम जनुके होत.

श्वासनलिकेच्या अस्तरात कोणत्या पेशीने कफ तयार करायचा आणि कोणत्या पेशीने रोमक, हे शेजारच्या पेशींकडून मिळणाऱ्या संदेशांवरून ठरते. पेशीच्या वाट्याला रोमकांचे काम आले की तिचे विभाजन थांबते. मग मल्टिसिलिन नावाचा मुकादम कामाला लागतो. याचा शोध २०१२ मध्ये लागला. एरवी पेशीत सेंट्रिओल नावाचे दोनच कण असतात. मल्टिसिलिनच्या हुकमावरून असे शेकडो कण तयार होतात आणि पेशीच्या पृष्ठभागाखाली येऊन बसतात. प्रत्येक कण एकेका रोमकाचे जोते बनतो.

जोते घातले की दुसऱ्या मुकादमांची पाळी येते. फॉक्स-जे-१ आणि आरएफएक्स गटातील जनुके नळ्या, डायनिनचे हात आणि इतर भाग तयार करणारी शेकडो जनुके चालू करतात. हे सुटे भाग पेशीच्या मुख्य भागात बनतात, कारण रोमकात प्रथिने तयार करण्याची सोय नसते. म्हणून विहिरीवरच्या रहाटासारखी एक ने-आण व्यवस्था सुटे भाग रोमकाच्या टोकापर्यंत पोहोचवते आणि वापरून झालेले भाग खाली आणते. ही व्यवस्था १९९३ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात प्रथम दिसली, तीही माणसात नव्हे, तर एकपेशीय हिरव्या शेवाळात. डबक्यातील शेवाळ आणि आपली श्वासनलिका, दोघांचे रोमक बांधण्याचे तंत्र मुळात एकच आहे.

बिघाड कुठे होतो?

एवढ्या मोठ्या बांधकामात बिघाड अनेक ठिकाणी होऊ शकतो. सुट्या भागाचे जनुक बिघडले तर रोमक तयार होतात, पण हलत नाहीत किंवा वेडेवाकडे हलतात. डीएनएएच-५ या जनुकातील दोष हे याचे नेहमी आढळणारे उदाहरण. त्यात डायनिनचे बाहेरचे हात गळालेले असतात. उलट मल्टिसिलिन किंवा त्याच्याबरोबर काम करणारे सायक्लिन-ओ हे जनुक बिघडले तर जोतीच घातली जात नाहीत आणि पेशीवर रोमक अगदी तुरळक उगवतात. या दोन्ही जनुकांतील दोष २०१४ मध्ये रुग्णांत सापडले. कारण कोणतेही असो, परिणाम एकच. कफ पुढे सरकत नाही, साठतो आणि त्यात जंतू वाढतात. पुढे फुप्फुसांतील नळ्या कायमच्या फुगून सैल पडतात.

या आजाराला प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया, थोडक्यात पीसीडी, म्हणतात. आजवर याची पन्नासहून अधिक जनुके सापडली आहेत. आजार विरळ आहे. दहा हजारांत एखाद्याला होतो असे ढोबळमानाने धरले जाई, परंतु जनुकांच्या नव्या अभ्यासांवरून तो त्याहून अधिक असावा असे दिसते. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यातही असे अनेक रुग्ण असणार. त्यांतील बरेच जण दमा, ॲलर्जी किंवा क्षयाच्या नावाखाली औषधे घेत असणार.

आता हृदय उजवीकडे का, ते पाहू. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना त्याच्यावर एक छोटा खड्डा असतो. तिथल्या पेशींना प्रत्येकी एकच रोमक असतो आणि तो भोवऱ्यासारखा फिरतो. त्यामुळे भोवतालचा द्रव डावीकडे वाहतो आणि या प्रवाहावरून गर्भाला आपली डावी बाजू कळते. जपानमधील शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये उंदरांच्या गर्भात हा प्रवाह दाखवून दिला. रोमक फिरले नाहीत तर बाजू ठरणे नशिबावर सोपवले जाते. नाणे उडवल्यासारखे निम्म्या बालकांचे हृदय डावीकडे येते, तर निम्म्यांचे उजवीकडे. म्हणून पीसीडीच्या साधारण निम्म्या रुग्णांतच उजवे हृदय आढळते. मल्टिसिलिनच्या दोषात मात्र हृदय सहसा जागेवरच असते, कारण गर्भाचा तो एकुलता रोमक तयार व्हायला हा मुकादम लागत नाही. तात्पर्य, हृदय डावीकडे आहे म्हणून हा आजार नाही असे म्हणता येत नाही.

झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये उलटे अवयव, सायनसचा आजार आणि फुगलेल्या श्वासनळ्या यांची सांगड घातली होती. त्यामागचे कारण मात्र १९७६ मध्ये कळले. स्वीडनचे बियॉर्न आफ्झेलियस यांनी अशा पुरुषांच्या न हलणाऱ्या शुक्रजंतूंच्या शेपटीत आणि श्वासनलिकेच्या रोमकांत डायनिनचे हातच नसल्याचे दाखवले. या आजाराच्या बहुतेक पुरुषांना मूल होण्यात अडचण येते. त्यांचे बीज जिवंत असते, फक्त पोहू शकत नाही, म्हणून आजच्या प्रयोगशाळेतील उपचारांनी त्यांना बाप होता येते.

घराण्यातून येतो तो कसा?

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पीसीडीच्या बहुतेक प्रकारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. असा माणूस पूर्ण निरोगी असतो, पण वाहक असतो. आई आणि वडील दोघेही एकाच जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे लागू पडत नाही. आजारी मुलाच्या निरोगी भावंडांपैकी सरासरी तिघांत दोघे वाहक असतात. फॉक्स-जे-१ हा मात्र अपवाद आहे. त्याची एकच प्रत बिघडली तरी आजार होतो आणि त्यात खोकल्याबरोबर डोक्यात पाणीही साठते, हे २०१९ मध्ये कळले.

इथे आपल्याकडच्या एका चालीचा विचार करावा लागतो. आपल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे. घर ओळखीचे, माणसे ओळखीची, मुलगी सुखात राहील, हा हेतू चांगलाच असतो. परंतु आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. आजी-आजोबांपैकी एकाची बिघडलेली प्रत दोन्हीकडून त्याच बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता त्यामुळे वाढते. अशा लग्नांतील बहुतेक मुले निरोगी निपजतात हे खरे आहे. पण घरात एक मूल असे आजारी निघाले असेल, तर त्या घराने पुन्हा नात्यातच सोयरीक करण्यापूर्वी विचार केलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मूल आजारी निघाले की घरातील बोट सुनेकडे वळते. या आजारात बहुधा एक प्रत आईची आणि एक वडिलांची असते. बाळंतपणात थंड पाणी लागले, ग्रहण पाळले नाही, अशा कशाशीही याचा संबंध नाही.

न हलणारे रोमकही महत्त्वाचे

शरीरातील बहुतेक पेशींवर एक-एक न हलणारा रोमकही असतो. तो झाडलोट करत नाही. भोवतालच्या खुणा टिपून पेशीला कळवणे हे त्याचे काम. शेवाळातील ने-आण व्यवस्थेचे एक जनुक मूत्रपिंडात गाठी होणाऱ्या उंदरांतही बिघडलेले आहे, असे २००० मध्ये आढळले आणि डॉक्टरांचे लक्ष या रोमकाकडे गेले. प्रौढांमधील मूत्रपिंडात पाण्याच्या अनेक गाठी होण्याचा आजार याच गटातला आहे. त्यात एकच बिघडलेली प्रत पुरते, म्हणून आजारी आई किंवा वडिलांच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरातील प्रौढांनी रक्तदाब तपासत राहावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करून घ्यावी.

बार्डे-बीडल नावाचा आजारही याच गटात येतो. हाताला किंवा पायाला सहावे बोट, लहानपणापासून वाढत जाणारे वजन आणि शाळेच्या वयात सुरू होणारा रातांधळेपणा ही त्याची लक्षणे. सहावे बोट लहानपणी कापून टाकलेले असते आणि पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांना ते कुणी सांगतच नाही. ते जरूर सांगावे.

शंका केव्हा घ्यावी?

पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर धाप लागून प्राणवायू द्यावा लागला होता का? नाक अगदी तान्हेपणापासून बारमाही वाहते का? खोकला ओला असून वर्षभर एक दिवसही थांबत नाही का? कान वारंवार फुटतो किंवा कमी ऐकू येते का? हृदय उजवीकडे असल्याचे कधी कुणी सांगितले आहे का? यांपैकी दोन-तीन प्रश्नांचे उत्तर 'हो' असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन या आजाराचे नाव घेऊन विचारा. दम्याचा खोकला बहुधा कोरडा असतो आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असते. पीसीडीत असा मोकळा काळ सहसा मिळत नाही. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसतील, तर केवळ एक्स-रेवरील डागावरून पुन्हा पुन्हा क्षयाचे औषध सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

निदानासाठी नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात. या आजारात तो फारच कमी असतो. नाकातून ब्रशने पेशी घेऊन रोमकांची हालचाल आणि रचनाही पाहतात. या सोयी मोजक्याच मोठ्या केंद्रांत आहेत. रक्तावरून जनुकांची तपासणी मात्र आता आपल्या देशात सहज होते आणि तिचा खर्चही पूर्वीपेक्षा बराच उतरला आहे. तरीही काही रुग्णांत दोष सापडत नाही. म्हणून तपासणी कोरी आली तरी लक्षणे विसरू नयेत.

उपचार

जनुक दुरुस्त करणारे औषध अजून हाती आलेले नाही. पण फुप्फुसे वाचवणे आपल्या हातात आहे. ज्यांचे रोमक काम करत नाहीत, त्यांना कफ बाहेर काढण्यासाठी खोकला हाच एक मार्ग उरतो. म्हणून अशा मुलाला खोकला दाबणारे औषध कदापि देऊ नये. भौतिकोपचार तज्ज्ञांकडून छातीतील कफ मोकळा करण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि ते रोज दोन वेळा करावेत. धावणे, दोरीवरच्या उड्या, खेळ यांनीही कफ सुटतो, तेव्हा मुलाला घरात बसवून ठेवू नये. थुंकी तपासून जंतूंनुसार प्रतिजैविक द्यावे आणि ते ठरलेले दिवस पुरे करावे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत ९० रुग्ण होते. ॲझिथ्रोमायसिन सहा महिने, आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांत छातीचा आजार बळावण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु हे औषध तज्ज्ञांनीच सुरू करायचे आहे, मेडिकलमधून परस्पर आणून नव्हे. फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या लसी द्याव्यात. ऐकण्याची तपासणी करावी, नाही तर मूल वर्गात मठ्ठ ठरते. बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, डासांची कॉइल आणि उदबत्ती यांपासून अशा मुलाला दूर ठेवावे.

त्या मुलीला मी मोठ्या शहरातील तज्ज्ञांकडे पाठवले आणि निदान पक्के झाले. तोवर डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील नळ्या सैल पडल्या होत्या. ते नुकसान भरून आले नाही. दोन वर्षे आधी शंका घेतली असती तर ते कदाचित कमी झाले असते, ही बोच मला आहे. त्यानंतर मात्र तिच्या आईने सकाळ-संध्याकाळ व्यायाम चुकू दिला नाही. मुलगी शिकली, आता नोकरी करते आणि व्यायाम स्वतःच करते. आजींनी थोरल्या नातवासाठी मामाचीच मुलगी मनात धरली होती. मी त्यांना चारात एकचा हिशेब ज्वारीचे दाणे मांडून समजावला. त्या बराच वेळ दाण्यांकडे पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "मग बाहेरचीच बघू."

आपल्या घरात किंवा शेजारी जन्मापासून खोकणारे मूल असेल, तर डॉक्टरांकडे जाताना त्याचे जन्माच्या वेळचे कागद आणि जुने एक्स-रे बरोबर न्या. बाळाला पेटीत ठेवले होते का आणि आई-वडील नात्यातले आहेत का, या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत, तरी आपणहून सांगा.